नऊ नंबर कुठे गेला?

१

शिगेओ इवामोतो सापडला तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि उजव्या हाताची मूठ इतकी घट्ट वळली होती, की हॉस्पिटलातही ती कुणाला उघडता आली नाही.

जपानमधल्या याइझू बंदरातल्या हामाशिओ शीतगृहात, जिथे तो कामाला होता तिथेच, चार नंबरच्या खोलीत, गोठलेल्या ट्यूना माशांच्या दोन रांगांमध्ये तो पडला होता. त्या खोल्यांत उणे पन्नास अंश असतात. जाडजूड कोट घातलेला माणूसही तिथे फार वेळ काढत नाही, आणि इवामोतोच्या अंगात साधं जाकीट होतं. नुसतं डोकावून यायचं म्हणून गेला असावा.

प्रत्येक खोलीत आतून, दाराशेजारी, एक लाल बटन असतं. अडकलेल्या माणसानं ते दाबायचं. मग नियंत्रण खोलीत घंटा होते, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्या खोलीची ओळ लाल होते, आणि तिथे बसलेलं माणूस कुणालातरी पिटाळतं. त्या दुपारी घंटा झाली होती. सगळ्या कारखान्यानं ती ऐकली होती. पडद्यासमोर तोमिए मासुई बसली होती.

"चारची ओळ लाल झाली आणि बाईंनी एक वाचलं," असं कंपनीनं सांगितलं. "वय झालंय. दिसत नाही नीट."

तोमिएनं पोलिसांना जो जबाब दिला त्यानं तर तिची उरलीसुरली पतही गेली. ती म्हणाली, लाल झाली ती सगळ्यात वरची ओळ. ती म्हणाली, त्या ओळीतली अक्षरं सुजल्यासारखी दिसत होती. आणि ती म्हणाली, त्या दिवशी पडद्यावर नऊ नंबरची खोली नव्हतीच. संध्याकाळी परत आली.

पोलिसांनी नऊ नंबर बघितला. जागच्या जागी होता, थंडगार, माशांनी भरलेला. मग त्यांनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि निष्काळजीपणानं माणूस मारल्याचा तिच्यावर गुन्हा दाखल केला.

तिच्या वकिलानं शिझुओकाहून चिझुरु नागाईला पाठवलं. नागाईनं तरुणपणी बरीच वर्षं वेबसाइटी लिहिल्या होत्या. आता ती यंत्रांची साक्ष काढत असे. माणसं खोटं बोलतात तेव्हा त्यांना कारण असतं, यंत्र चुकीचं बोलतं तेव्हाही त्याला कारण असतं, असं तिचं म्हणणं होतं. कोर्टात ती बोलायला उभी राहिली की समोरचे वकील पाणी मागवत.

जबाब वाचून ती वकिलाला फोनवर म्हणाली, "ही बाई आंधळी असेल तर फार शिस्तीत आंधळी आहे."

२

तोमिएच्या घरी शेगडीवर ओदेनचं पातेलं होतं. काळा रस्सा, त्यात कात्सुओ माशाची काळजं. नागाईनं नको नको म्हणेपर्यंत वाडगा पुढ्यात आला.

"खा हो. आता माझ्याकडे कोणी येत नाही. शेजारीण कचरा टाकायलासुद्धा माझी वेळ टाळून जाते."

"मासुईबाई, एक सरळ विचारते. ओळ लाल झाली तेव्हा खोलीचं नाव वाचलंत का?"

तोमिएनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "तुमच्या घरात दिव्यांची बटनं आहेत ना? त्यांच्यावरची नावं वाचता?"

"नावं नसतात त्यांच्यावर."

"मग? जागा माहीत असते. नऊ खोल्या, नऊ ओळी. वरची एक नंबर, खालची नऊ. पडदा बरोब्बर तेवढ्यानं भरतो. इतकी वर्षं तिथे बसले, वाचायचं काय त्यात? सगळ्यात वरची लाल झाली. मी थुआनला हाक मारली, म्हटलं, एक नंबरला पळ."

"थुआन कोण?"

"व्हिएतनामचा मुलगा. माल हलवतो. फार गुणी. मला मावशी म्हणतो." ती थांबली. "म्हणायचा. तो धावत गेला, आला, म्हणाला, मावशी, कुणी नाही तिथे. आता विचारलं तर म्हणतो, मला कुणी पाठवलंच नाही."

"आणि अक्षरं सुजलेली?"

"आता हसा."

"मी आले कशाला मग?"

"वरच्या ओळीची अक्षरं रुंद वाटली. फुगलेली. बाकीच्या ओळी नेहमीसारख्या. मलाही वाटलं, डोळ्यांत काहीतरी झालंय. तेच मी पोलिसांना भाबडेपणानं सांगितलं. त्यांना आयतं कोलीत मिळालं."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"म्हणाला, या वयात याहून चांगले डोळे मी पाहिले नाहीत." तोमिए कडवट हसली. "पण ते पेपरात आलं नाही."

नागाईनं वाडगा संपवला. "नऊ नंबर गेला होता, हे कधी लक्षात आलं?"

"सकाळीच. सगळ्यात खाली आठ दिसला. नऊ थोडा वेळ नसेल, येईल, म्हटलं. पडद्याची खालची कड, तिथे काय काय कापलं जातं. मी मॅनेजरसाहेबांना सांगितलंही. ते म्हणाले, यंत्र आहे मासुईबाई, त्यालाही सर्दी होते."

"मॅनेजर म्हणजे?"

"कुरेबायाशीसाहेब. देवमाणूस आहे हो. इवामोतोंचा जिगरी दोस्त. प्रेतयात्रेत उभं राहवत नव्हतं त्यांना."

३

हिसाशी कुरेबायाशीनं नागाईला स्वतः कारखाना दाखवला. रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस. त्याच्या खोलीत आणि गल्ल्यांमध्ये जागोजागी त्यानं छापलेल्या सूचना होत्या: 'दार लावा', 'एकट्यानं आत जाऊ नका', 'तापमान －５０'. आकडे ऐसपैस, मांडी ठोकून बसल्यासारखे.

"विचारा काय हवं ते," तो म्हणाला. "पण आमच्या माणसांना फार छळू नका. सगळेच पोळलेत."

"पडद्यावर खोल्यांची नावं कोण घालू शकतं?"

"मी. मालक. आणि तो कानामोरी, ज्यानं हे सगळं बनवलं. पण घालायचं काय? खोल्या नऊ, नावं नऊ."

"तुमची आणि कंप्युटरची गट्टी आहे?"

"कसली गट्टी!" तो पहिल्यांदा हसला. "त्या नगरपालिकेच्या वेबसाइटवर मी अर्ज करायला जातो, तर दर वेळी म्हणते, तुमचा फोन नंबर चुकीचा आहे. अहो, बापजाद्यांपासून तोच नंबर आहे माझा! शेवटी चालत जातो नि खिडकीवर देतो."

नागाईही हसली.

मालक शुइची हामाशिओ तिला दोन मिनिटं भेटला. हातातल्या फोनवर त्याचा अंगठा सतत चालू होता. "इवामोतोंच्या कुटुंबाबद्दल आम्हाला मनापासून वाईट वाटतं," तो पाठ केल्यासारखं म्हणाला. "पण दोष यंत्रणेचा नाही, माणसाचा आहे. आणि नागाईबाई, कारखाना बंद पडला तर या गल्लीतल्या किती चुली विझतील, तेही तुमच्या वकिलांना सांगा."

"मी फक्त यंत्राशी बोलते. चुलींचं तुम्ही बघा."

थुआन तिला मागच्या अंगणात सापडला. तिथे जुनं बर्फघर होतं, दाराला नवं कुलूप. तो पाइपनं अंगण धूत होता. अंगण आधीच स्वच्छ होतं.

"एक नंबरला गेला होतास तू?"

"नाही."

"मासुईमावशींनी हाक मारली होती?"

"नाही."

"मावशी खोटं बोलतात तर."

पाइपातलं पाणी त्याच्याच बुटांवर पडत राहिलं. "माझी या देशात राहायची परवानगी या कंपनीच्या नावावर आहे, ताई," तो खाली बघत म्हणाला. "कंपनी नाही, तर मी नाही."

"मी ते विचारलं नाही."

"मी तेवढंच सांगू शकतो."

नागाई वळली, तेवढ्यात तो मागून म्हणाला, "मावशी जेवते का नीट?" आणि उत्तराची वाट न बघता त्यानं पाण्याचा जोर वाढवला.

४

युता कानामोरीचं ऑफिस म्हणजे शिझुओका स्टेशनमागची एक खोली. एकटाच होता तो, आणि घाबरलेला. मेलेल्या माणसाशी आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमचा काही संबंध असेल, ही कल्पनाच त्याला झोपू देत नव्हती.

"माझ्या कामात चूक नाहीये," त्यानं दारातच सांगितलं.

"मी अजून बसलेही नाही."

तिनं त्याला घंटांची नोंद काढायला लावली. पडद्यामागच्या यंत्रात प्रत्येक घंटा टिपली जाते, कुठल्या खोलीतून आणि कधी. कानामोरीनं ती दुपार उघडली. मग पुन्हा उघडली.

"हे कसं शक्य आहे?"

एक नंबरच्या नावावर घंटा नव्हती. चार नंबरच्या नावावरही नव्हती. नऊपैकी एकाही खोलीच्या नावावर नव्हती.

"अख्ख्या कारखान्यानं ऐकली," नागाई हळूच म्हणाली. "मग वाजवली कोणत्या खोलीनं?"

कानामोरीनं नोंद वरपासून खालपर्यंत पुन्हा चाळली. "कुणी नोंद खोडली म्हणावं, तर एकेक नोंद खोडायची सोयच मी ठेवलेली नाही. जाते ती फक्त एकाच मार्गानं. खोलीच यादीतून काढून टाकली, तर तिच्या घंटाही तिच्याबरोबर जातात."

नागाई खुर्चीतून पुढे झुकली.

"दहावी खोली," नागाई म्हणाली. "सकाळी घातली, संध्याकाळी काढली. पडद्यावर नऊच ओळी मावतात. दहावी आली की एक खाली ढकलली जाणार. म्हणून नऊ नंबर गेला. कानामोरी, तुम्ही नावं अक्षरांनी लावता ना? यंत्राच्या हिशेबानं '10' चं पहिलं अक्षर 1, म्हणून ते 2 च्या आधी बसतं. एक, दहा, दोन, तीन. खोल्या जोवर नऊच असतात, तोवर चूक दिसतही नाही."

"ही शाळकरी चूक आहे." कानामोरी दुखावला. "मी नावातून आकडा बाहेर काढतो, त्याची संख्या करतो, मग लावतो. दहा दहाच्या जागी जातो."

"दाखवा."

त्यानं आपल्याकडची नक्कल उघडली आणि दहावी खोली घातली. ती निमूटपणे सगळ्यात खाली गेली, पडद्याच्या कडेपलीकडे. नऊ नंबर आपल्या जागी झळकत राहिला.

नागाईचा सगळा इमला बसला. दहावी खोली असती, तरी तोमिएला नऊ दिसलाच असता. आणि लाल झालेली वरची ओळ एक नंबरचीच असती.

"म्हणजे बाई खोटं बोलतेय?" कानामोरीनं विचारलं. त्याच्या आवाजात सुटकेचा आनंद होता, आणि तो लपवता न आल्याची लाजही.

५

नागाई खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली सायकलींची रांग होती.

"उलटं जाऊ," ती म्हणाली. "बाई खरं बोलतेय असं धरा. नऊ खाली गेला, म्हणजे नवं नाव त्याच्या वर शिरलं. वरची ओळ वाजली, पण एक नंबरनं घंटा दिली नाही. म्हणजे नवं नाव एकच्याही वर शिरलं. तुमच्या यादीत एकच्या वर काय जाऊ शकतं?"

"शून्य."

"शून्य नंबरची खोली कोण घालेल?"

"किंवा..." कानामोरी अडखळला. "किंवा नावात आकडाच नसेल तर. आकडा सापडला नाही तर मी शून्य धरतो. काहीतरी धरायला हवं ना. पण आकड्याशिवाय खोलीचं नाव कोण लिहील?"

"आकडा असेल," नागाई म्हणाली, "पण तुम्हाला सापडला नसेल तर?"

तिच्या डोळ्यांसमोर एक सुजलेली ओळ आली. मग एक म्हातारा होत चाललेला माणूस, नगरपालिकेवर चिडलेला.

तिनं कानामोरीला टाइप करायच्या पाटीवरचं एक बटन दाबायला सांगितलं आणि काही आकडे लिहायला लावले. तो लिहीत गेला, आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"उद्या दुपारी याइझूला या," ती म्हणाली. "ही नक्कल घेऊन."

"पोलिसांना सांगायचं?"

"एका पोलिसाला बोलावते. गणवेश नको म्हणावं."

६

कारखान्याच्या जेवणघरात पाच-सहा जण बसले होते. हामाशिओ फोनसकट. कुरेबायाशी हाताची घडी घालून. थुआन कडेला. तोमिए वकिलाशेजारी, मान खाली. दाराशी एक अनोळखी माणूस चहा पीत होता. भिंतीवर कानामोरीनं पडदा उजळवला होता. नऊ ओळी, एक ते नऊ.

"हा खरा पडदा नाही, नक्कल आहे," नागाई म्हणाली. "इथे कुणाचं काही बिघडत नाही. मला एक छोटा प्रयोग करायचाय. समजा, तुमची दहावी खोली झाली. तिचं नाव यादीत घालायचंय. कानामोरी, आधी तुम्ही."

त्यानं लिहिलं, 10 नंबर. ओळ खाली, दिसेनाशी झाली. पडद्यावर काहीच हललं नाही. त्यानं ती काढून टाकली.

"हामाशिओसाहेब, आता तुम्ही. फोनवरून लिहिलंत तरी चालेल."

"काय पोरखेळ आहे हा," हामाशिओ म्हणाला. पण सगळे बघत होते. अंगठा दोनदा फिरला. पुन्हा तेच. दहा नंबर खाली, नऊ जागच्या जागी.

"कुरेबायाशीसाहेब."

कुरेबायाशी उठला. दोन वेळा काहीच घडलं नव्हतं, तिसऱ्या वेळी काय घडणार? तो संगणकापुढे बसला आणि दोन बोटांनी, शांतपणे, आयुष्यभर लिहीत आला तसं त्यानं लिहिलं: １０ नंबर.

सगळी यादी एक पायरी खाली उतरली. दहा नंबर सगळ्यात वर जाऊन बसला, रुंद, फुगलेला. खालून नऊ नंबर नाहीसा झाला.

तोमिए उभी राहिली. तिनं नुसतं पडद्याकडे बोट केलं.

"हेच," ती शेवटी म्हणाली. "हेच दिसलं मला. देवा! हेच."

जपानी कंप्युटरवर आकडे दोन रुंदींचे लिहिता येतात. मराठी १० आणि इंग्रजी 10 माणसाला सारखेच, पण यंत्राला निराळे. तशीच ही गत. कानामोरीच्या प्रोग्रॅममधली ओळ फक्त अरुंद आकडे शोधत होती. रुंद आकडा तिला आकडा वाटतच नव्हता, म्हणून तिनं दहाला शून्य धरलं आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसवलं.

"नगरपालिकेची वेबसाइट याचमुळे तुमचा फोन नंबर घेत नाही, कुरेबायाशीसाहेब," नागाई म्हणाली. "तुमच्या सूचनांवरचे आकडे बघितले मी. या कारखान्यात असं लिहिणारे तुम्ही एकटेच. त्या दिवशी सकाळी दहावी खोली तुम्ही घातलीत. दुपारी तिनं घंटा दिली आणि मासुईबाईंना एक नंबर वाटला. संध्याकाळी तुम्ही ती काढलीत आणि घंटेची नोंद तिच्याबरोबर गेली. इवामोतो चार नंबरमध्ये मेले नाहीत. ते मागच्या बर्फघरात अडकले होते."

"ही कल्पना आहे," हामाशिओ म्हणाला. "पुरावा कुठाय? बर्फघर रिकामं आहे. जाऊन बघा."

"धुतलेलंसुद्धा आहे," नागाई म्हणाली.

कुरेबायाशी पडद्याकडेच बघत होता. "दहाव्या खोलीला सरकारी परवानगी नव्हती," तो म्हणाला. आवाज अगदी साधा. "माल वाढला होता, जागा नव्हती. त्या जुन्या दाराची आतली कडी गोठते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. इवामोतोच म्हणाला, बिनघंटेच्या खोलीत मी कुणाला पाय ठेवू देणार नाही. त्या सकाळी त्यानं स्वतः तार ओढली. मी नाव घातलं. दुपारी तो कडी बघायला गेला असणार."

"कुरेबायाशी, बस," हामाशिओ म्हणाला.

"त्याला शोधत मी तिथे पोचलो तोवर तो गेला होता. मेलेल्या माणसाला कुठली खोली काय? आपला कारखाना तरी वाचेल, म्हटलं. हातगाडीवर घालून चारमध्ये..."

"गेले नव्हते."

सगळ्यांनी मागे बघितलं. थुआन भिंतीला टेकून उभा होता.

"काका गेले नव्हते," तो म्हणाला. "गाडी मी ढकलत होतो. साहेबांनी पाय धरले होते, डोकं माझ्याकडे होतं. तोंडातून वाफ येत होती. थोडीशी. मी म्हणालो, साहेब, वाफ! साहेब म्हणाले, थंडीची आहे, चल. मेलेल्या माणसाच्या तोंडातून थंडीची वाफ येत नाही."

हामाशिओचा अंगठा फोनवर थांबला.

"मला दिसली नाही," कुरेबायाशी म्हणाला. मग थोड्या वेळानं, "मला बघायची नव्हती." त्यानं दोन्ही हात टेबलावर पसरून ठेवले. "आधी मी मालकांना फोन केला होता. अॅम्ब्युलन्सच्या आधी. म्हटलं, दहा नंबरमध्ये इवामोतो पडलाय. ते म्हणाले, 'आपल्याकडे दहा नंबर नाहीये, कुरेबायाशी. नाहीये ना?' एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला."

"असं काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही," हामाशिओ म्हणाला.

दाराशी बसलेल्या माणसानं चहाचा पेला खाली ठेवला आणि उठला.

७

तोमिएवरचा गुन्हा मागे घेतला गेला. पेपरात ते आतल्या पानावर, चार ओळींत आलं.

कुरेबायाशी तुरुंगात गेला. त्यानं अपील केलं नाही. हामाशिओ कॅमेऱ्यांसमोर कमरेतून वाकला, बराच वेळ वाकून राहिला, आणि कारखान्याच्या मॅनेजरनं परस्पर केलेल्या कृत्याबद्दल त्यानं जाहीर खेद व्यक्त केला. त्याला दंड झाला. शीतगृह बंद पडलं आणि मग दुसऱ्या नावानं दुसऱ्या कुणीतरी विकत घेतलं. थुआनची परवानगी कंपनीबरोबर गेली. त्याला निरोप द्यायला तोमिए स्टेशनवर गेली होती. दोघंही फारसं बोलली नाहीत. कानामोरीनं आपल्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली: आधी रुंद आकडे अरुंद करून घे, मग शोध. दुरुस्त करायला चहा प्यायला लागतो तेवढा वेळही लागला नाही, असं तो नागाईला फोनवर सांगत होता, आणि सांगताना रडत होता.

गल्लीतल्या बायका तोमिएशी बोलत नव्हत्या त्या नव्हत्याच. आधी तिनं माणूस मारला म्हणून बोलत नव्हत्या, आता कारखाना बंद पाडला म्हणून.

थंडीच्या सुरुवातीला इवामोतोची बायको सेत्सु तिच्या दारात आली. हातात मोसंब्यांची पिशवी.

"माफी मागायला आले," ती म्हणाली. "यांच्या प्रेतयात्रेत मी तुम्हाला फाटकातूनच परत पाठवलं. तुमचा काही दोष नव्हता. मी विश्वास ठेवला लोकांवर."

तोमिएनं तिला आत घेतलं, चहा केला. दोघी समोरासमोर बसल्या. मोसंबी मध्ये.

"तुम्ही त्यांच्यासाठी लगेच माणूस धाडलात," सेत्सु म्हणाली. "मी रोज तेवढंच मनात धरून झोपते. कुणीतरी त्यांची हाक ऐकली. जागा चुकली, ते नशीब. पण ऐकली."

तोमिएनं पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"इवामोतोबाई," ती म्हणाली, "हे मी वकिलांना सांगितलं नाही. नागाईबाईंनी विचारलं नाही, मीही बोलले नाही. घंटा दोनदा झाली होती."

सेत्सुनं आपला पेला बाजूला सरकवला.

"थुआन परत येऊन सांगून गेला, कुणी नाही. मग पुन्हा झाली. तीच ओळ. मला वाटलं, बटनावर बर्फ साचलं असेल, उगाच वाजतंय. त्या पोराला परत कशाला पळवू? पुरती वाजायच्या आत मी ती बंद केली. नाव वाचलं असतं, तर..." तिनं पेल्यावर हात ठेवला. "वाचलं नाही मी."

बाहेरून बंदरातल्या लिलावाचा भोंगा झाला. सेत्सुनं पिशवीचे बंद सरळ केले, मग पुन्हा सरळ केले.

"म्हणजे दुसऱ्यांदा वाजली तेव्हा ते उभे होते," ती म्हणाली. "दारापाशी."

"हो."

"तुम्ही सांगून मोकळ्या झालात, मासुईबाई." ती हळू आवाजात बोलत होती, रागाशिवाय. "आता मी हे घरी घेऊन जायचं, आणि रोज रात्री काय करायचं याचं, ते सांगा."

सेत्सु उठली. दारात ती बूट घालायला वाकली. टाच काही केल्या आत जाईना. तोमिए मागे उभी होती. खाली बसून तिचा बूट सरळ करून द्यावा, असं तिला फार वाटलं. पण हात लावायची तिची हिंमत झाली नाही. तशीच, बुटाची टाच चेपून, सेत्सु उतारावरून खाली निघून गेली.